उदारामच्या बोडीतलं रक्त

दुपारी बारा वाजता बोडीच्या पारीवर, तळ्याच्या त्या मातीच्या बांधावर, पाय ठेवायला जागा नव्हती. तिरोड्याहून ऑटो भरभरून लोक आले होते, भजेवाला आला होता, फुगेवालासुद्धा. पाण्यावर लालभडक साय धरली होती, आणि जो तो तिच्याकडे बोट दाखवून हात जोडत होता.

"देखो भाइयों, उदाराम की आत्मा खून के आँसू रो रही है!" जलसिद्ध महाराज गरजले. महाराज शाप हिंदीत देत आणि जेवण मराठीत मागत. "शाम तक हम इसे शांत करेंगे!"

आणि करतही. रोज चारला मंत्र सुरू होत, ऊन उतरलं की लाल साय विरत जाई आणि पाणी हिरवं होई. लोक जयजयकार करत घरी जात.

उदाराम म्हणजे गर्दीत उभ्या असलेल्या चेतनाचे वडील. उन्हाळ्यात गेले. बोडी त्यांची, पण तिच्या पाण्यावर पिकणारं चाळीस एकर धान अर्ध्या गावाचं. ते आता लोंबीवर आलं होतं, एक पाणी बाकी होतं. आणि उद्या सकाळी महाराज पार फोडायला लावणार होते. पाणी वाहून गेलं की आत्मा सुटेल. मासोळ्या अपवित्र झाल्या, त्या चेले नेऊन वैनगंगेत सोडतील. एका कोपऱ्यातल्या लव्हाळ्यात सारसाची जोडी पिल्लू घेऊन होती. तिचा विचार कोणीच केला नव्हता.

"फोडू दे वो पोरी," चेतनाची आई देवकाबाई म्हणाल्या. "तुया बापाले तरास होऊन राहिला, त धान कायले पाहिजे?"

गोंदियाच्या कॉलेजात चेतना ग्रंथपाल होती, पण पुस्तकातलं काहीच या वाक्यापुढे उभं राहत नव्हतं. ती पाण्याकडे वळली. पाहता पाहता तिला एक गंमत दिसली. जांभळीच्या झाडाची सावली जिथे पडली होती, तिथे पाणी हिरवं होतं. लाल साय सावलीच्या कडेवर, आखून दिल्यासारखी, थांबली होती.

"कवडूकाका, जांभळीखाली रगत काऊन नाही गा?"

कवडू ढिवरानं उदारामबरोबर तीस वर्षं या बोडीत जाळं टाकलं होतं. त्यानं डोळे बारीक केले. "आत्म्याले ऊन लागत असन," तो म्हणाला, आणि स्वतःच हसला.

चेतनानं दोन घमेली लाल पाण्यानं भरून पारीवर ठेवली. एकावर ओलं पोतं टाकलं, दुसरं उन्हात.

"महाराज, म्हणा मंत्र. उन्हातलं हिरवं करून दाखवा."

"पापिनी! ये समय ठीक नहीं!"

"समय ठीक नाही का ऊन ठीक नाही?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

महाराजांनी मंत्र म्हटले. घाम आला, आवाज बसला, घमेलं लालच. तासाभरानं कवडूनं पोतं उचललं. आतलं पाणी हिरवं! तेच घमेलं उन्हात सरकवलं, तर हळूहळू पुन्हा लाल व्हायला लागलं.

"हे डोळ्याला न दिसणारे जीव आहेत," चेतना म्हणाली. "कडक ऊन पडलं की पदर घेतल्यासारखा लाल रंग अंगावर ओढतात. ऊन उतरलं की आवरून घेतात. महाराज फक्त घड्याळ पाहतात."

तिचा चुलतभाऊ चंद्रकुमार तोवर महाराजांच्या पिकअपकडे गेला होता. त्यानं ताडपत्री उचलली. खाली थर्माकोलचे खोके, बर्फानं भरलेले.

"काऊन गा महाराज, वैनगंगेत सोडाच्या मासोळ्याइले बर्फ कायले?"

पिकअप गेली तेव्हा महाराजांची एक खडाव पारीवरच राहिली.

"पण पाणी यंदाच लाल काऊन?" चंद्रकुमारनं विचारलं. लोकांचं हसू थांबलं.

चेतना म्हणाली, "बाबा पावसाळा सरताना तुडूम, पारीतली ती मोरी, उघडून शिळं पाणी शेतात सोडत. सारसाचा कोपरा ठेवून बाकीचं गवत काढत, मोठ्या मासोळ्या धरायला लावत. यंदा तुम्ही त्यांच्या मायेपोटी जाळं टाकलं नाही. उलट राइस मिलमधला कोंडा पोत्यांनी टाकला, त्यांच्या मासोळ्यांना पुण्य म्हणून. तो कुजला. आणि तुडुमाची खुंटी मी कोणाला काढू दिली नाही. शेवटची त्यांनी ठोकली होती."

देवकाबाईंनी हळूच विचारलं, "मंग तो रडत नोयता?"

"नाही आई. पाणी असं पाहून त्यांनी पहिले तुडूम उघडलं असतं, मग रडत बसले असते."

देवकाबाईंनी डोळे पुसले. "मंग उभी काऊन आहेस?"

चेतना कमरेपर्यंत पाण्यात उतरली. खुंटी घट्ट बसली होती, कवडूनं हात लावला तेव्हा निघाली. पाणी धानाकडे धावलं. दुसऱ्या दिवशी गावानं जुनी लुगडी घेऊन साय गाळून काढायला सुरुवात केली.

पाण्यानं रंग बदलला, तर हात जोडण्याआधी त्यात काय पडलं ते पाहा. थोडं पाणी सावलीत ठेवा, थोडं उन्हात, आणि तासभर थांबा. गेलेल्या माणसावर माया असेल, तर तो रोज जे काम करत होता ते करा. पार फोडायला सांगणारा कोणीही, कोणत्याही नावानं, आला तर आधी त्याला एकच विचारा: पाणी गेल्यावर धानाचं काय?