उशाजवळची खुर्ची

"कट!" म्हणत दिग्दर्शिका कॅमेऱ्यामागून उठली.

पलंगावरच्या नटाने पांघरूण बाजूला सारलं. उशाजवळच्या खुर्चीत बसलेल्या नटीने, म्हणजे सिनेमातल्या मुलीने, हातातला पेला खाली ठेवला.

"मी उठतो ते खोटं वाटतंय ना?" नटाने विचारलं.

"हो."

"वाटणारच. बायको गेल्यापासून माणूस भिंतीकडे तोंड करून पडलाय, जगायचंच नाही म्हणतोय. आणि मुलगी 'बाबा, उठा' म्हणाली की लगेच ताडकन उठतो. गजर लावून झोपला होता की काय?"

सगळे हसले. दिग्दर्शिका तेवढी हसली नाही. गोष्ट तिच्या वडिलांची होती. खोलीही त्यांचीच, पलंगही. ते रोज दारात स्टुलावर बसून चित्रीकरण बघत. आयुष्य लहान मुलांना शिकवण्यात गेलेलं, त्यामुळे इथेही सगळे त्यांना सर म्हणत.

नट त्यांच्याकडे वळला. "सर, तुम्हीच सांगा. लेक तेव्हा नक्की काय म्हणाली हो, की तुम्ही उठलात?"

ती हातातली पटकथा चाळू लागली. तेव्हा ती इथे आलीच नव्हती. दूर कुठेतरी, दुसऱ्याच्या सिनेमावर साहाय्यक म्हणून राबत होती. रोज फोन करायची. "मी बरा आहे, तू काम कर," असं ते म्हणायचे आणि तेवढं तिला पुरायचं. पुढे गोष्ट लिहायला बसली तेव्हा मात्र गोष्टीतली मुलगी आपसूक उशाशी येऊन बसली. तिनेही तिला बसू दिलं.

वडिलांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला.

"फार काही नाही म्हणाली. यायची, बसायची. एकदा म्हणाली, बाबा, तुमच्या हातचा चहा प्यावासा वाटतोय. मग काय, उठणं आलं."

"वा! मॅडम, हे का नाही लिहिलंत?" नट खूश झाला.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. वडील तेवढे खिडकीबाहेर बघत होते. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर आलं नाही की ते असेच बाहेर बघत, त्याला सावरायला वेळ मिळावा म्हणून.

"कारण मी तसं म्हणालेच नाही," ती म्हणाली. "मी इथे नव्हते."

कॅमेरामन उगाचच भिंग पुसत राहिला.

"अगं, फोन होते की तुझे," वडील म्हणाले.

"फोनच होते, बाबा."

ती नटीजवळ गेली. "तू जरा बाहेर बस."

"माझं काही चुकलं का, ताई?"

"तुझं नाही गं."

नटी बाहेर गेली. नटाने आवाज खाली आणला. "मग सर, उठलात कशाने?"

"खरं सांगू? स्वयंपाकघरातला नळ गळत होता. सारखी टपटप. कुणीतरी बंद करील म्हणून वाट पाहिली. मग लक्षात आलं, घरात कुणीतरी म्हणजे मीच." ते किंचित हसले. "फार रागावून उठलो."

नट पुन्हा आडवा झाला आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं. तिने कॅमेऱ्यातून पाहिलं. पलंगाशेजारची रिकामी खुर्ची थेट डोळ्यांत भरत होती.

"छान दिसतंय," कॅमेरामन म्हणाला.

"पण असं नव्हतं," म्हणत वडील खोलीत आले. "रिकामी कसली? कपड्यांचा हा एवढा ढीग असायचा तिच्यावर."

त्यांनी कपाट उघडलं आणि एकेक कपडा काढून लेकीच्या हातात द्यायला सुरुवात केली. शर्ट, टॉवेल, पुन्हा शर्ट. ती घेत होती, खुर्चीवर ठेवत होती. सवयीने हात चालत होते: बाह्या आत, मधोमध दुमड, वरून तळवा फिरव. ढीग नीटनेटका उभा राहिला.

वडील थांबले. वरचा शर्ट त्यांनी उचलला, हलकेच झटकून मोकळा केला आणि तिच्या हातात परत दिला, चुकलेल्या गणिताची पाटी मुलाला परत द्यावी तसा.

"घडी नको गं," ते म्हणाले. "घडी कोण घालणार होतं?"