पुढच्या सीटचा मान

पहिलटकरणीला माहेरी आणणे ही गोष्ट बोलायला जितकी गोड, तितकीच तडीस न्यायला अवघड असते, हे वीरधवलला त्या पंधरवड्यात पुरते कळून चुकले. त्याची धाकटी बहीण रेश्मा साताऱ्याच्याही पलीकडे, मेढ्याला दिलेली. सातवा महिना लागला तसा तिने वहिनीला, म्हणजे वीरधवलच्या बायकोला, अंकिताला फोन करून सांगितले, की बसले म्हणजे कमरेतून जी कळ निघते ती थेट टाचेपर्यंत उतरते. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली होती, परंतु पाठ रेललेली हवी आणि पाय लांब सोडता आले पाहिजेत, अशी अट घातली होती. आणि मेढ्याहून तासगावजवळच्या त्यांच्या गावापर्यंतचा पल्ला म्हणजे निम्मा दिवस मोडणारा.

वीरधवल कुपवाडच्या एका कारखान्यात कामाला होता. हाताने चोख, परंतु जिभेने अतिशय भिडस्त. स्वतःची गाडी नसल्यामुळे त्याने ओळखीपाळखीच्या लोकांच्या गाड्यांत बसून सीटांची परीक्षा आरंभिली. एका जीपगाडीची सीट पाटासारखी कठीण. खड्डा आला की मणका न् मणका आपले नाव सांगे. दुसऱ्या महागड्या गाडीची इतकी मऊ, की मनुष्य तीत चिखलात रुतावा तसा रुते आणि उतरताना कंबर धरूनच उतरे. तिसरीची बैठक आखूड. मांड्या अधांतरी राहत. कामावरचा सोबती फरदीन याच्या गाडीत तर त्याने पोटावर उशी बांधून वर पट्टा आवळून पाहिला.

"कितवा म्हैना रं गड्या?" गाडी चालवता चालवता फरदीनने विचारले. "पेढा का बर्फी, तेवढं आदी सांग."

"गप चालीव. आन् खड्डा चुकवू नगंस."

"आयला! समदं जग खड्डा चुकीव म्हनतंय, आन् ह्यो गरवार गडी खड्डा मागतोय!"

शेवटी विट्याच्या ओळखीच्या जयराजकडे मनासारखी गाडी मिळाली. तिची पुढची डावी सीट भरपूर मागे सरकत असे, हव्या तितक्या कलतीवर थांबत असे, आणि कमरेच्या खळग्याला कोणी हाताचा आधार द्यावा तसा आधार देत असे. वीरधवलला गंगेत घोडे न्हाल्यासारखे वाटले. परंतु घोडे अजून काठावरच होते.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गाडी अंगणात उभी राहिली आणि त्याचे चुलते लालासाहेब, म्हणजे घरातले तात्या, ती पाहायला आले. फौजेतून सुभेदार होऊन परतलेला हा मनुष्य. बर्फात ट्रक उलटून पाठ दुखावलेली. वीरधवलचे वडील गेल्यापासून घरात तात्यांचा शब्द अखेरचा. लेकीला आणायला जाणारा मुराळी म्हणून त्यांच्यावाचून जाणे शक्यच नव्हते. तात्या पुढच्या सीटवर बसले, मागे रेलले आणि त्यांनी डोळे मिटले.

"एवढ्या गाड्या कशापायी धुंडाळत हुतास, आत्ता समजलं," ते सद्गदित होऊन म्हणाले. "पोटच्या पोरानं न्हाई, पन तू माज्या पाठीची याद ठिवलीस."

बहिणीच्या पोटाची आणि कमरेची गोष्ट वडीलधाऱ्या चुलत्यासमोर कशी काढावी? आणि काढली, तर ते ओलावलेले डोळे कसे पाहावे? परतताना बघू, असे मनाशी म्हणून वीरधवल गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी मेढ्याला रेश्माच्या सासरच्या भरल्या बैठकीत तात्यांनी मिशीवर ताव देत सांगितले, "पुतन्यानं माज्या पाठीसाठी सांगली जिल्हा पालथा घातला!" व्याही माना डोलावू लागले. वीरधवल बशीतल्या पोह्यांतले शेंगदाणे निवडत बसला.

निघताना रेश्माच्या मावससासूबाई, बनुबाई, पाठराखीण म्हणून गाडीत बसल्या. त्यांना गाडी लागत असे, म्हणून त्यांना खिडकी हवी. गावाहून सोबत आलेल्या तात्यांच्या पत्नी मनुबाई यांचे गुडघे धरलेले, म्हणून त्यांना दाराची बाजू हवी. तात्यांचा मान पुढचा. उरली ती मागची मधली जागा. पायाखाली उंचवटा, पाठीमागे कठीण फळी. तिथे रेश्मा बसली. काही बोलली नाही. माहेरी निघालेली मुलगी बोलत नसते.

मेढ्यापासूनची वळणे सुरू झाली. तात्यांनी सीट मागे सरकवली, पाठ कलती केली आणि घोरू लागले. त्या सीटमुळे मनुबाईंचे गुडघे आवळले. त्या आत सरकल्या. रेश्मा आणखी चेपली गेली. गाडी चालवणाऱ्या वीरधवलला आरशात तिने दोन्ही हातांनी पुढच्या सीटा गच्च धरलेल्या दिसत. त्याच्या अंगाचा तिळपापड होत होता, आणि राग काढावा तरी कोणावर? महामार्गावर तो निरपराध ट्रकवाल्यांवर भोंगा वाजवत सुटला.

"हळू रं," तात्या डोळे न उघडता म्हणाले. "येवढी झ्याक सीट, आन् तू असा चालीवतुयास!"

उंब्रजच्या पुढे एका हॉटेलापाशी चहासाठी गाडी थांबली. रेश्मा उतरली, परंतु डावा पाय जमिनीवर टेकवताच तिने दार पकडले. पाय भार घेईना.

"काय न्हाई दादा, मुंग्या आल्यात नुसत्या," ती म्हणाली. परंतु तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"व्हतंय आसंच," बनुबाई म्हणाल्या. "आमी बैलगाडीतनं गेलो बाळंतपनाला. तवा कुटली सीट!"

"म्हनून काय तिलाबी बैलगाडीतच घालू?" वीरधवल इतक्या जोराने ओरडला, की चहा उकळणारा मनुष्यही वळून पाहू लागला. मग तो तात्यांकडे वळला. "तात्या, उटा. ही सीट तुमच्यासाटी न्हवती आनली. हिच्यासाटी आनली हुती."

बनुबाईंनी पदर तोंडाला लावला. तात्यांनी एकदा पुतण्याकडे पाहिले, एकदा रेश्माच्या पायाकडे, आणि ते उतरले. मनुबाई मध्ये सरकल्या. तात्या दाराशी, त्या कललेल्या सीटच्या मागे, गुडघे छातीशी घेऊन बसले.

रेश्मा कराड येण्यापूर्वीच झोपी गेली. पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी रांगत राहिली, परंतु आता वीरधवलने एकदाही भोंगा वाजवला नाही. पाठीमागे तात्यांचा श्वास मात्र प्रत्येक खड्ड्याला अडखळत होता, आणि तो ऐकताना त्याला क्षणाचेही सुख लागत नव्हते. एकीची पाठ वाचवावी तर दुसऱ्याची मोडते. अशी कसली ही गाडी, आणि कसले आपले तोंड!

दारात अंकिताने भाकरतुकडा ओवाळून टाकला. रेश्मा आपल्या पायांनी चालत आत गेली. दोघी वृद्धाही गेल्या. तात्या मात्र गाडीतच.

"तात्या, माजं चुकलं," वीरधवल दार उघडून म्हणाला. "समद्यांम्होरं बोललो."

"बोललास त्याचा राग न्हाई," तात्या दात आवळून म्हणाले. "काल सांजच्याला ह्याच अंगनात का न्हाई बोललास? मी फौजेत ट्रकच्या फाळक्यावर बसून मुलूख तुडवलाय. पोरीसाटी टपावरबी बसलो असतो. मेढ्यापास्नं उंब्रजपातूर तिचा पाय कुनी मोडला, माज्या पाठीनं का तुज्या मिटल्या तोंडानं?"

वीरधवलने दार आणखी उघडले आणि तो बाजूला सरकला.

"आता बगत काय हुबा ऱ्हायलास?" तात्यांनी दोन्ही हात पुढे केले. "वड भाईर. माजं मला उटता येत न्हाई."