समाप्तनंतरची सोळा पानं

धाकट्या भावजींनी घराच्या मधोमध भिंत घातली, त्या वर्षी मी वाचायला शिकले. सासरे जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. गवंडी विचारत होता, "प्लास्टर दोन्ही बाजूंनी करायचं ना?" दोन्ही भाऊ समोर उभे, पण एकमेकांशी बोलणं बंद, त्यामुळं उत्तर कुणीच देईना. शेवटी वन्संनी सांगितलं, "दोन्ही बाजूंनी कर बाबा. दोन्हीकडं माणसंच राहणार आहेत."

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. आई गेली तेव्हा भावांच्या नाकाला शेंबूड होता. वन्संनी टेलिफोन ऑफिसात नोकरी धरली, दोघांना वाढवलं, दोघांची लग्नं लावली आणि स्वतःचं राहून गेलं. भिंत घालताना खोल्या वाटल्या, कपाटं वाटली, शिडी कुणाकडं जाणार यावरून तर हातघाईवर आले. वन्संची वाटणी काढायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. भिंतीच्या आमच्या बाजूला, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत एक बोळ उरला होता. त्यात त्यांची खाट पडली. उशाला पुस्तकांची चळत.

ती पुस्तकं पोरींसाठीची होती. जादूची, युद्धाची, पंखवाल्या जनावरांची. प्रत्येकात एक मुलगी, पंधरा-सोळा वर्षांची, आणि तिच्यासमोर एखादा राजा नाहीतर अख्खं राज्य. रिटायर झालेली बाई अशी पुस्तकं वाचते म्हणून आमचे हे हसायचे. "ताई, दात पडायला आले आणि तू परीकथा वाचतेस?"

"दात पडले तरी चालतं," वन्सं म्हणायच्या, "ही पुस्तकं चावावी लागत नाहीत."

मी तेव्हा पन्नाशीला टेकले होते आणि मला अक्षर येत नव्हतं. गंमत म्हणजे जन्म गेला पुस्तकांत. लायब्ररीची फाटकी पुस्तकं आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात यायची. जुनं कव्हर काढायचं, पाठीवरचा वाळलेला डिंक खरवडायचा, फर्मे सुटे करायचे आणि पुन्हा शिवायचे. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. प्रत्येक फर्म्याच्या पाठीला एक काळी खूण छापलेली असते, पहिल्याची वर, दुसऱ्याची जरा खाली, तिसऱ्याची आणखी खाली. फर्मे नीट लावले की खुणांचा जिना उतरतो. जिना मोडला तर क्रम चुकला. मला तेवढं पुरत होतं. आमचे मुख्य बाइंडर, ज्यांना सगळे डिंककाका म्हणत, ते सांगायचे, "हिचा जिना कधी मोडत नाही. शिकलेल्या बायका वाचत बसतात."

वन्संनी मला शिकवायचं ठरवलं ते माझ्यावर उपकार म्हणून नाही. त्यांना त्या पुस्तकांबद्दल बोलायला कुणीतरी हवं होतं. भिंत झाल्यावर घरात बोलण्यासारखं उरलंच काय होतं?

रविवारी दुपारी जेवणं झाली, हे लवंडले, की मी बोळात खाटेच्या कडेला बसायचे. वन्सं मोठ्यानं वाचायच्या. जन्मभर टेलिफोनवर बोललेला आवाज, स्वच्छ, एकेक शब्द सुटा. वाचता वाचता बोट ओळीवरून सरकायचं आणि माझे डोळे त्या बोटामागून. मुलगी कड्यावरून पडली की नेमकं पुस्तक मिटायच्या.

"पुढं?"

"लाइन बिझी आहे. पुढचं तू वाच."

अशी मी अक्षरं शिकले. रागानं. ती पडली की वाचली हे कळायलाच हवं होतं, म्हणून.

आमची लाडकी होती ती नावाड्याची मुलगी. पुस्तकात तिला लांबलचक नाव होतं, आम्ही नुसतं नावाड्याची म्हणायचो. चार भागांची गोष्ट. राजानं सगळ्या नद्या दगडी दारांमागं कोंडल्यात, तिच्या बापाला कोरड्या विहिरीत टाकलंय. तिच्याकडं काय, तर एक वल्हं आणि नदीच्या तळाशी झोपलेला एक म्हातारा साप, जो फक्त तिच्या हाकेला उठतो. ती सुंदर नव्हती. तिला भूक लागायची, राग यायचा, नाकावर पुटकुळी यायची. राजाचा सरदार म्हणतो, "वाक, म्हणजे बाप सोडतो." ती म्हणते, "माझी पाठ वल्हं मारून सरळ झालीय, आता ती वाकत नाही." हे मी स्वतः वाचलं, अक्षराला अक्षर जोडून, आणि मग बराच वेळ भांडी घासायला उठलेच नाही. पन्नास वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं की असं म्हणता येतं.

"तिला कुणी विचारत नाही बघ," वन्सं म्हणाल्या, "तुझं लग्न कधी म्हणून."

"विचारलं तर साप आहे ना."

"तोच तर फरक आहे. तिला साप आहे, मला भाऊ आहेत."

आम्ही दोघी इतक्या हसलो की हे आतून ओरडले, "काय चाललंय?"

त्या हसण्यावरूनच मग पुस्तकांवर संक्रांत आली. हे एकदा चिडून चळतच्या चळत रद्दीत द्यायला निघाले. मी कारखान्यातून टाकाऊ कव्हरं मागून आणली आणि चारही भागांवर 'घरगुती विणकाम' चढवलं. डिंककाकांनी कशासाठी ते विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. चौथा भाग तर लायब्ररीनंच मोडीत काढलेला, पानं सुटलेला मिळाला होता. तो मी जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातच शिवला.

विणकामाचं कव्हर बघून भिंतीपलीकडची धाकटी जाऊ फसली. मागच्या अंगणात भिंत छातीएवढीच होती. "जाऊबाई, ते विणकाम द्या की जरा. पोराला स्वेटर घालायचाय."

मी गोंधळले, पण वन्संनी पहिला भाग भिंतीवरून सरळ तिच्या हातात दिला. "घे. नमुना जरा अवघड आहे."

चार दिवसांनी ती भिंतीपाशी आली, डोळे सुजलेले. "साप मेला का हो? एवढंच सांगा."

"दुसऱ्या भागात कळतं."

"मग द्या की! बघताय काय!"

स्वेटर काही झाला नाही. पण दोन भाऊ बोलत नव्हते त्या काळात आम्ही तिघी भिंतीवरून रोज बोलत होतो. वन्सं म्हणायच्या, भिंत घातली ते बरंच झालं, कोपर टेकायला जागा झाली.

मग भावजींना त्यांचा अर्धा भाग विकायची हुक्की आली. गिऱ्हाईक म्हणालं, कागद साफ करून आणा, बहिणीचाही हिस्सा लागतो. तेव्हा दोघा भावांना आठवलं की बाप बहिणीचाही होता. आमच्या ह्यांनाही ते पटलं, कारण आज नाही तर उद्या आपल्यालाही लागेल. वर्षभरात पहिल्यांदाच दोघं भाऊ एका खोलीत बसले. वकील आले. वन्संनी हक्क सोडल्याचा कागद तयार होता, फक्त सही बाकी.

"ताई, नुसती पद्धत असते," भावजी म्हणाले. "तू काय आम्हाला परकी आहेस?"

"मग मी राहू कुठं?"

"आहेसच की इथं. बोळ कुणी काढून घेतलाय?"

"विकल्यावर?"

"दादा आहे ना!"

"माझ्याकडं जागा कुठाय?" हे म्हणाले. "पोरं मोठी झाली."

मी म्हणाले, "वन्सं, सही करू नका." हे माझ्याकडं असे वळले की वकिलांनी चष्मा पुसायला घेतला. "तू चहा टाक," एवढंच म्हणाले. मी गेले नाही. तिथंच उभी राहिले. चहा त्या दिवशी कुणालाच मिळाला नाही.

पेन सापडेना. तर धाकटीनं ब्लाउजमधून पेन काढून पुढं केलं. नावाड्याच्या मुलीसाठी उशी भिजवणारी धाकटी. "करा हो वन्सं. घराचं भलं होईल. माझ्या पोरांकडं बघा."

वन्संनी पेन घेतलं, त्याला टोपण लावलं आणि तिला परत दिलं. "मी सही करणार नाही. मला तिसरा हिस्सा हवा."

आवाज तोच, टेलिफोनचा. स्वच्छ. मला वाटलं, आता कुठंतरी नदीच्या तळाशी काहीतरी हलेल.

हललं ते वेगळंच. गिऱ्हाईक गेलं. वकील म्हणाले, कोर्टात गेलात तर तुम्हा सगळ्यांचे केस पिकतील. आणि जे दोन भाऊ शिडीवरून एकमेकांच्या अंगावर गेले होते, ते टेप घेऊन बोळ मोजायला एकत्र वाकले. एकानं टेपचं एक टोक धरलं, दुसऱ्यानं दुसरं. "तिला हिस्सा हवाय ना? घे म्हणावं." बोळाच्या आमच्या बाजूनं दुसरी भिंत उठली. गवंडी तोच. या वेळी त्यानं प्लास्टरचं विचारलं नाही.

वन्संच्या वाट्याला खाटेएवढी रुंद जागा आली. पुढं रस्त्यावर दार, मागं मोरीएवढं अंगण. खिडकी नाही, नळ नाही. पाणी रस्त्यावरच्या नळावरून. पोरांना सांगितलं गेलं की आत्याकडं जायचं नाही, आणि पोरं गेली नाहीत. ज्यांचं नाक त्यांनी पुसलं होतं ते दोघं दारावरून जाताना रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं चालायचे.

धाकटी मला अंगणातून म्हणाली, "तुमच्या पुस्तकांनी घर फोडलं, जाऊबाई."

"घर भिंतीनं फोडलं," मी म्हणाले. "तेव्हा मला वाचता येत नव्हतं." तिनं तिसरा भाग भिंतीवर ठेवला आणि आत गेली. चौथा कधी मागितला नाही.

मी जात राहिले. ह्यांनी मना केलं, आदळआपट केली, एकदा हातही उगारला. मी म्हटलं, कारखान्याची वाट वन्संच्या दारावरून जाते, वाट बदला. जाताना कळशी भरून ठेवायची आणि येताना बसायचं. चौथा भाग आम्ही असा वाचला, दार उघडं टाकून, रस्त्यावरच्या उजेडात. दम्यानं वन्संना मोठ्यानं वाचवेना, म्हणून आता मी वाचायचे आणि बोट त्यांचं असायचं.

शेवट आला. मधे एका पानाचं वाक्य पुढच्याशी जुळलं नाही, पण माझं वाचणं अजून कच्चं, मी तशीच पुढं गेले. नावाड्याची राजासमोर वाकत नाही. साप उठतो, दगडी दारं फुटतात, नद्या सुटतात, बाप विहिरीतून तरंगत वर येतो. खाली मोठ्या अक्षरात 'समाप्त'. मी पुस्तक मिटायला गेले.

"उलट की पान," वन्सं म्हणाल्या. "अजून आहे."

खरंच होतं. समाप्तनंतर सोळा पानं होती. मी वाचू लागले. नावाड्याची कोरड्या विहिरीत होती. वर झाकण, दोन्हीकडं दगड, हात पसरला तर दोन्ही हात भिंतींना लागतात. वल्हं काढून घेतलेलं. साप हाकेला येत नाही. वरून माणसांच्या चालण्याचे आवाज येतात, पण कुणी वाकून बघत नाही. शेवटच्या पानाची शेवटची ओळ होती, "तिनं भिंतीला कान लावला, तेव्हा". पुढं कव्हर.

मी मागं जाऊन पानांवरचे आकडे बघितले. शिवताना मला धीर धरवला नव्हता. शेवटचा फर्मा आधी वाचून काढला होता, आणि डिंककाकांची चाहूल लागताच गडबडीत एक घर अलीकडं खोचला होता. खुणांकडं बघितलंच नव्हतं. जन्मात पहिल्यांदा माझा जिना मोडला, आणि तो वाचता यायला लागल्यामुळं.

"वन्सं, शेवट आधी वाचायच्या नादात माझा हात चुकला. विहीर आधी आहे, दारं नंतर फुटतात. द्या इकडं, उद्या उसवून शिवते."

"मला माहीत आहे."

"म्हणजे?"

"पानांवरचे आकडे मलाही वाचता येतात. मी आधीच पुढं जाऊन वाचलंय. तुझ्यासारखंच." खोकला थांबेपर्यंत मी पाठीवरून हात फिरवत राहिले. "लिहिणारीनं चुकीचं लावलं होतं. तू बरोबर लावलंस. आधी जिंकतात. मग विहीर."

"असं नका म्हणू. तुम्ही वाकला नाहीत."

"नाही वाकले." त्यांनी हात पसरून दाखवले. एक हात पहिल्या भिंतीला टेकला, एक दुसऱ्या. "पण त्या पोरीला नंतर पाणी कोण आणून देत होतं, हे कुठल्याच पुस्तकात नाही बघ. समाप्त म्हणतात आणि पळून जातात."

"मग उसवू नको?"

"हात लावलास तर बघ."

मी उसवलं नाही. ते पुस्तक आजही माझ्याकडं आहे, घरगुती विणकामाच्या कव्हरात. नातीला वाचायला दिलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, हे उलटं लागलंय." मी म्हटलं, तू अजून लहान आहेस, तुझ्यासाठी आकड्यांप्रमाणे वाच.

वन्संना मूलबाळ नव्हतं. त्यांच्यामागं तिसरा हिस्सा आपोआप दोन्ही भावांकडं आला. सही लागली नाही. भावजींनी पुढच्याच उन्हाळ्यात आपला भाग बोळासकट विकला. नव्या मालकानं बोळात सायकली ठेवल्या.

माझ्या थोरल्या मुलाचं लग्न झालं त्या वर्षी, जानेवारीतल्या एका गुरुवारी दुपारी, वन्सं दम्यानं गेल्या.