सत्रापुरतं चित्र

विद्यापीठाच्या ग्रंथालयामागे तीन खोल्यांचं एक चित्रसंग्रहालय आहे. तिकीट नाही. मी तिथे जायला लागलो तो खरं तर त्यामुळेच. तिकीट नसलं की खिडकीशी कुणाशी बोलावं लागत नाही. दाराशी एक बाई बसतात. त्या मान हलवतात, मी मान हलवतो, की झालं. चित्रकलेतलं मला फारसं कळत नाही. पुस्तकं वाचून जेवढं कळतं तेवढं कळतं, आणि प्रत्यक्ष चित्रासमोर उभं राहिलं की तेही आठवत नाही.

मधल्या खोलीत जिन्याकडच्या भिंतीवर एक लहानसं चित्र होतं. खिडकीजवळ टेबल, टेबलावर उपडं ठेवलेलं पुस्तक आणि थोडी मागे सरकवलेली खुर्ची. माणूस नाही. नुकताच उठून गेलाय. पुस्तक असं उपडं ठेवणाऱ्यांबद्दल माझं मत काही बरं नाही, तरी मी दर आठवड्याला त्या चित्रासमोर जाऊन उभा राहायचो. वाटायचं, हा आता परत येईल. निदान गेलाय कुठे ते तरी कळेल. चित्रकाराचं नाव घेऊन मी ग्रंथालयातले दोन जाडजूड ग्रंथ धुंडाळले. एकातही त्याचा उल्लेख नव्हता. मग तर ते चित्र मला अधिकच आपलं वाटायला लागलं.

या संग्रहालयाची एक छान पद्धत आहे. सत्र सुरू होताना ते काही लहान चित्रं सत्रापुरती घरी न्यायला देतात. विद्यार्थी, नोकरवर्ग, आसपास राहणारे, कुणालाही. सकाळी दार उघडलं की आवडलेलं चित्र भिंतीवरून उतरवायचं आणि बाईंच्या टेबलाशी न्यायचं. ज्याच्या हातात चित्र, त्याचं ते. यंदा त्या चित्रांत माझं चित्र होतं.

दाराशी लावलेली तशी पाटी वाचून मी घरी आलो तो जेवणावर लक्षच लागेना. शेवटी बायकोला सांगितलं.

"मग आणा की," ती म्हणाली.

"आणखी कुणाला हवं असलं तर?"

"तुम्हाला हवंय ना?"

"तसं हवंय म्हणजे... अगदी हवंच आहे असं नाही, पण..."

"कळलं. म्हणजे मला यायला हवं."

त्या सकाळी आम्ही दोघं दार उघडायच्या आधीच जाऊन उभे राहिलो. मंडळी बरीच होती. बाईंनी दार उघडलं आणि बायकोला भाजीची पिशवी बाहेर ठेवायला सांगितली.

"का? चित्र पिशवीत घालून नेईन म्हणून?" बायको म्हणाली. "आज तर न्यायचीच आहेत ना?"

बाई हसल्या, पण पिशवी ठेवून घेतली. तेवढ्यात आमच्या बाजूने सगळे आत घुसले. धावावं असं मला फार वाटत होतं. पण या वयात, संग्रहालयात, एका चित्रासाठी धावायचं? मी चाललो. थोडा भरभर चाललो, एवढंच.

चित्र जागेवर होतं. आणि त्याच्यासमोर एक मुलगी उभी होती. विद्यार्थिनी असावी. खांद्याला पिशवी नव्हती; तिचीही दाराशी ठेवून घेतली असावी. तिने हात अर्धवट उचलला होता. मला पाहताच तिने तो खाली घेतला.

"तुम्हाला हवंय का, आजोबा?"

"नाही नाही. तू घे. तू आधी आलीस."

"मी नुसतीच बघत होते. तुम्ही घ्या."

"छे, छे. तुझ्या अभ्यासाचं असेल."

"मी रसायनशास्त्र शिकते."

"तरी पण..."

"दर गुरुवारी येते मी इथे. हा माणूस कुठे गेला असेल, याचा विचार करत बसते. पण घ्या तुम्हीच, खरंच."

 मी दर मंगळवारी यायचो. दुसऱ्या एखाद्या दिवशी कुणी माझ्या जागी उभं राहून तोच विचार करत असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं. आता तर चित्र तिलाच मिळावं असं वाटायला लागलं आणि मलाही हवंच होतं. जीव नुसता टांगणीला लागला.

बायको चष्मा पुसत चित्राजवळ गेली. "हेच का ते? यात विचार कसला करायचा? दूध उतू जात असणार. उठून पळाला."

"मला वाटतं, बाहेरून कुणीतरी हाक मारली," मुलगी म्हणाली.

"मग चपला घालून गेला असेल. टेबलाखाली दिसत नाहीत."

त्या दोघी वाकून चपला शोधायला लागल्या. मी पुन्हा मुलीला म्हणालो, "तू घे गं." ती वाकल्या वाकल्या म्हणाली, "नको, तुम्ही घ्या ना."

तेवढ्यात आमच्या मधून एक जाडजूड हात पुढे आला. हिशेब विभागातले एक साहेब होते. मोजायची टेप त्यांनी हातात धरली होती. त्यांनी चित्राची रुंदी मोजली, उंची मोजली, "बसतंय," असं स्वतःशीच म्हणाले आणि चित्र खुंटीवरून काढून चालू लागले.

आम्ही तिघं रिकाम्या खुंटीकडे बघत राहिलो.

"झालं समाधान?" बायको म्हणाली. "तुम्ही घ्या, तू घे. घेऊन गेला तिसराच."

मुलीचे डोळे भरून आले होते.  माझे पाय, कसे कोण जाणे, चालायला लागले. टेबलाशी बाई चित्राला खाकी कागद गुंडाळत होत्या. साहेब टेप खिशात घालत होते.

"ते चित्र," मी म्हणालो.

"काय त्याचं?"

"त्यात एक खुर्ची आहे."

"असेल."

"नाही, म्हणजे..."  मागे बायको उभी होती. पण आज मला सोडवायला ती काही पुढे येईना. "म्हणजे ते चित्र मला हवंय. फार दिवसांपासून हवंय."

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. "अहो काका, मग मघाशी नको नको काय चाललं होतं? मला वाटलं, ते आपल्या गळ्यात पडू नये म्हणून दोघंही एकमेकांवर ढकलताय!"

बाईंनी गुंडाळायचं थांबवलं.

"मला काय, कुठलंही चालेल," साहेब म्हणाले. "बैठकीच्या भिंतीला ओल आलीय. परवा सासूबाई येताहेत. तेवढा डाग झाकायला हवा."

आता मात्र बायकोला राहवलं नाही. "केवढा डाग?" साहेबांनी हातांनी दाखवला. तिने पलीकडच्या भिंतीवरच्या जहाजाच्या चित्रावर वीत टाकून बघितली. "हे न्या. डाग पुढे वाढला तरी हरकत नाही. आणि सासूबाईंना बघायला समुद्र होईल. तेवढाच वेळ जाईल."

"काकू, तुम्ही आमच्या विभागात हव्या होतात," साहेब म्हणाले आणि जहाज खांद्याशी धरून खुशीत निघून गेले.

बाईंनी खाकी कागदातलं चित्र माझ्या हातात दिलं. अपेक्षेपेक्षा जड होतं. समोर मुलगी उभी होती. "ने बाई तूच," हे शब्द माझ्या जिभेवर आले. इतके सवयीचे की ते आपोआप आले. आयुष्यभर मी खिडकीची जागा, शेवटचा घास, सभेतलं बोलणं, सगळं असंच पुढच्याला देत आलो. त्याला मी चांगुलपणा समजत होतो. बहुतेक वेळा ती नुसती भीतीच असावी.

"आधी मी नेतो," मी म्हणालो. "पुढच्या सत्रात तू."

आवाज माझाच होता का, अशी मला शंका आली. बायकोनेही वळून पाहिलं.

मुलगी खळखळून हसली. "बरं झालं, आजोबा. तुम्ही पुन्हा 'तू घे' म्हणाला असतात ना, तर मी घेतलं असतं आणि घरी जाऊन रडले असते."

"पण बघायला येत जा," मी घाईघाईने म्हणालो. "म्हणजे तुला वेळ असला तर. तशी सक्ती नाही. अगदी—"

"गुरुवारी येते," तिने माझं बोलणं मधेच तोडलं. "पत्ता?"

पत्ता बायकोनेच सांगितला, रस्त्याच्या खुणांसकट. दारात भाजीची पिशवी घेऊन ती मला म्हणाली, "द्या इकडे, मी धरते. तुम्ही पाडाल."

"नाही," मी म्हणालो. "मीच धरणार."

"अहो, एका सकाळी किती मागण्या!" असं म्हणून तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि मला पुढे चालू दिलं.