तोरणाची धाकटी बहीण

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकते. ज्यांनी ज्यांनी मला हातात धरले, त्यांतल्या बहुतेकांविषयी माझे मत चांगले नाही. तुमच्याविषयी ते आपोआप चांगले असेल, अशा भ्रमात राहू नका.

मी कागदाची एक जुनी फीत आहे. इंचभर रुंद, चाळीस हात लांब आणि अंगभर भोके. नगरच्या एका सरकारी कचेरीत, पत्र्याच्या डब्यात माझी गुंडाळी ठेवलेली असते. "ही कसली चाळण?" असे कोणी विचारले की मला त्याची कीव येते. चाळणीची सगळी भोके सारखी असतात. माझे एकेक भोक विचार करून पाडलेले आहे.

कशासाठी, ते नीट समजून घ्या. आमच्या कचेरीत एक गणकयंत्र होते. कचेरीतले लोक त्याला 'कंप्युटर' म्हणत. दोन कपाटांएवढे धूड. आकडेमोडीत ते शंभर कारकुनांना मागे टाकी, पण अक्कल म्हणाल तर शून्य. वीज गेली की त्याच्या डोक्यात सगळा चिवडा होई. पुन्हा सुरू केले की आपले तोंड कुठले आणि हात कुठला, हेही त्याला कोणीतरी सांगावे लागे. ते मी सांगत असे.

माझ्या अंगावर सात हजार आडव्या ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत आठ जागा. जिथे भोक असेल तिथून उजेड आरपार जातो. त्याचा अर्थ 'हो'. जिथे भोक नसेल तिथे 'नाही'. वाचक नावाची एक पेटी मला सरसर ओढून घेई आणि मी त्या धुडाला शिकवत जाई: ही पेटी म्हणजे तुझे तोंड, इथून आकडे आत येतील. हा टेलिप्रिंटर म्हणजे तुझा हात, याने उत्तरे छापायची. हा हात हळू चालतो, त्याच्यासाठी थांबायचे.

बरे, हे अवयव तरी एका घरातले होते का? कपाटे एका कारखान्याची, वाचक पेटी दुसऱ्याची, टेलिप्रिंटर तिसऱ्याचाच. विजेचा दाब सांभाळणारा डबा पुण्याहून आणलेला. बारा गावांचे बारा पाहुणे एका पंगतीला बसवावेत तसा प्रकार. एकाची बोली दुसऱ्याला कळत नसे. या सगळ्यांना एकत्र नांदवणारी मी एकटी. मग मी थोडी मिजास केली, तर कोणाचे काय बिघडले?

माझा जन्म आसारामच्या हातून झाला. आसाराम पूर्वी श्रीगोंद्याच्या तारऑफिसात होता. तिथल्या फितींवरची भोके तो नुसत्या डोळ्यांनी वाचायचा, म्हणून त्याला यंत्रावर आणले. तेव्हा यंत्राबरोबर आलेली एक फीत वापरात होती, माझी थोरली बहीण. वर्षभर ओढली गेल्याने तिच्या कडा पिसारल्या होत्या. आसारामने तिच्यावरून नक्कल काढली. ती नक्कल म्हणजे मी.

नक्कल काढताना भोक पाडणारी सुई एकदा अडली आणि एका ओळीत एक भोक जास्त पडले. कागदाचा स्वभावच असा आहे मित्रांनो, की भोक कमी असेल तर पाडता येते, पण पडलेले भोक परत घेता येत नाही. कोरी फीत तर मिळायची मारामार. आसारामने मसुरीच्या डाळीएवढा कागदाचा तुकडा कापला, डब्यातली पोळी पाण्यात कुस्करून तिची चिकट खळ केली आणि ते भोक बुजवले. कुठल्या ओळीत बुजवले, ते वहीत लिहिले का? नाही.

"राहील की लक्षात," तो स्वतःशीच म्हणाला.

जगातले निम्मे घोटाळे याच वाक्याने सुरू होतात.

आमचे मोठे साहेब आप्पासाहेब. त्यांनी टेबलावर दोन फिती पाहिल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. "एक असताना दुसरी कशाला? कचेरी आहे ही, रद्दीचं दुकान नाही." थोरली केराच्या टोपलीत गेली. झाडलोट करणाऱ्या आणि पाणी भरणाऱ्या राहीबाईने ती उचलली. दुसऱ्या दिवशी ती कौतुकाने सांगत होती, "दारावर लावली हो झालर करून. वारा आला की अशी सळसळती, लई ग्वाड दिसती."

मी किती हसले म्हणून सांगू! सात हजार ओळींची विद्या, आणि शेवट काय, तर दारावरचे तोरण.

मग त्र्याहत्तर सालचा उन्हाळा आला. पावसाने आधीच्या वर्षीच दगा दिला होता. विहिरींचे तळ उघडे पडले होते. माणसे रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. जिल्ह्यात बोअर घेणारे एक यंत्र काही दिवसांसाठी आले होते. ते आधी कुठल्या गावी पाठवायचे, हे आमच्या गणकयंत्राने ठरवायचे होते. तेराशे विहिरींचे आकडे गोळा झाले होते: पाणी किती खोल गेले, माणसे किती, जवळचे पाणी किती कोसांवर. त्यांतून सर्वांत तहानलेली पन्नास गावे निवडायची. यादी गुरुवारी दुपारी दोनच्या आत वरच्या कचेरीत पोचली पाहिजे होती.

मंगळवारी सकाळी वीज गेली. आली, तेव्हा आसारामने नेहमीप्रमाणे मला पेटीत घातले. मी ऐटीत आत गेले. दिवे लागले. आणि टेलिप्रिंटर एकच अक्षर छापू लागला. ओळभर तेच. दुसरी ओळ, तेच. पानभर तेच.

मग सुरू झाला तो तमाशा. शहाण्या माणसांचा असा तमाशा मी त्याआधी पाहिला नव्हता. विजेचे काम करणारा पुंजाराम मिस्त्री आला. त्याने काही न विचारता तीन फ्यूज बदलले. मग कपाटाला कुशीत एक लाथ घातली. "आमच्या मळ्यातलं इंजान असंच चालू हुतं," असे वर सांगितले. ते झाले नाही, तेव्हा त्याने नारळ फोडला, आणि तोही कपाटाच्या डोक्यावर. पाणी फटीतून आत. देव प्रसन्न झाला की नाही ठाऊक नाही. एक दिवा मात्र विझला.

आप्पासाहेब म्हणाले, "दोष त्या नव्या टेलिप्रिंटरचा. मी पहिल्यापासून सांगत होतो."

काही सांगत नव्हते. पंधरवड्यापूर्वी जुना टेलिप्रिंटर मोडला, तेव्हा दुसऱ्या कंपनीचा तो नवा त्यांनीच आणवला होता. त्याच्यासाठी माझ्या अंगावर दोन ओळींत नवी भोके पाडावी लागली होती. तेवढी मात्र आसारामने वहीत नोंदली होती.

बुधवारी सकाळी साहेबांनी फोन पुढे ओढला. "यादी मी हातानं करतो. चार ठिकाणी विचारतो, ज्यांची जास्त ओरड आहे त्यांना आधी देऊ."

राहीबाई माठ भरत होती. ती थांबली. तिची लेक रंगुबाई जामखेडच्या पलीकडे खडकवाडीला दिलेली होती. तिथल्या बाया पहाटे निघून दोन कोसांवरून हंडा आणत.

"सायेब, आमच्या खडकवाडीला फोनच न्हाई. त्येंची वरड तुमच्या कानावर यायची कशी?"

"तेही नाव बघू शेवटी," साहेब म्हणाले.

"शेवटी म्हंजी बोरचं यंत्र माघारी गेल्यावर," राहीबाई म्हणाली आणि माठावर झाकणी जरा जोरातच ठेवली.

आसारामने वही उघडली. "साहेब, मला उद्या दुपारपर्यंत वेळ द्या. सोमवारी हे चालत होतं. सोमवारनंतर काय बदललं, एवढंच शोधायचंय."

"शोध. पण दोन वाजले की मी माझी यादी पाठवणार."

आसारामने दिवसभर काय केले, ते तुम्ही ध्यानात ठेवा. तेव्हा मी मात्र त्याला 'गोगलगाय' म्हणत होते. त्याने एका वेळी एकच गोष्ट तपासली. आधी विजेचा दाब मोजला, ठीक. कपाट उघडून नारळाचे पाणी पुसले. विझलेला दिवा लागला. मग टेलिप्रिंटर यंत्रापासून सोडवला आणि नुसत्याच कळा दाबून पाहिल्या. अक्षरे बरोबर उमटली. मग वाचक पेटीत एक आड एक भोकांची तपासणीची फीत घातली. पेटीने न चुकता वाचली. प्रत्येक वेळी वहीत एक ओळ लिहायची, मग पुढे जायचे.

"निम्मा दिवस गेला, अजून लिहितोयस काय?" पुंजाराम म्हणाला.

"कोण निर्दोष सुटलं, ते लिहितोय मिस्त्री. तुम्हीही सुटलाय. नारळ सोडून."

शेवटी त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिले.

माझ्याकडे! मला इतका संताप आला. पण आता खरे सांगते. मला थोडी शंका होती. साहेबांनी आठ दिवसांपूर्वी खडीच्या कामावरच्या पोरांना वाटायची सुकडीची, म्हणजे गोड पौष्टिक पिठाची, पोती आमच्या खोलीत ठेवली होती. यंत्रासाठी ती खोली गार ठेवत, म्हणून. पोत्यांबरोबर झुरळे आली. मी तेव्हा टेबलावर उघडीच असे. ती माझ्या अंगावरून फिरत आणि एका जागी बराच वेळ थांबत. मला गुदगुल्या होत. पण या लाथा घालणाऱ्या आणि नारळ फोडणाऱ्या लोकांत दोष माझाच असेल, हे माझ्या मनाला मानवेना.

आसारामने मला बोटांवरून सरकवत पाहिले. सात हजार ओळी. त्यांत कोणते भोक हवे आणि कोणते नको, हे नुसते बघून कसे कळणार? "एक भोक बुजवलं होतं मी," तो पुटपुटला. "कुठं, ते आठवत नाही." मग कपाळावर हात मारून म्हणाला, "हिची थोरली असती, तर घटकेत कळलं असतं. फेकून दिली आपण."

"कोनती वो आसारामभाऊ?" राहीबाईने केरसुणी थांबवली. "ती भोकाभोकांची पट्टी? ती माझ्या दारात हाय की."

"मावशी! अख्खी आहे? कापली नाहीत?"

"कापायला कात्री कुटं हाय घरात? खिळ्यांवर वळशे घालून अडकिवली. धुरानं वाईच पिवळी पडलीया, येवढंच."

गुरुवारी सकाळी ती आली, गुंडाळून पदरात बांधलेली. धुरकट. एका टोकाला हळदीचे बोट. मी नाक मुरडले. आसारामने तिला माझ्यावर ठेवले, भोकावर भोक, आणि दोघींना खिडकीतल्या उन्हात धरले. दुसरे टोक राहीबाईने धरले. दोघे आम्हाला एकेक हात पुढे सरकवू लागले. ज्या भोकातून ऊन आरपार येई, ते दोघींत सारखे. जिथे माझ्या भोकामागे तिचा कागद आडवा येई, तिथे फरक.

पहिला फरक दिसला. आसारामने वही पाहिली. "नव्या टेलिप्रिंटरचा. बरोबर." दुसराही तसाच. मग कितीतरी वेळ नुसते ऊन.

"थांबा मावशी."

त्या ओळीत माझे एक भोक उघडे होते आणि थोरलीचा कागद तिथे शाबूत होता. भोकाभोवती खळीचा फिकट डाग होता, कडेला कुरतडल्याच्या खुणा. झुरळांनी खळ खाऊन टाकली होती आणि ठिगळ गळून पडले होते. त्या एका जागी मी 'नाही' म्हणायच्या ऐवजी 'हो' म्हणत होते. दोन दिवस सगळ्या कचेरीला मूर्ख ठरवत होते, आणि खोटे बोलत होते मीच.

"मिस्त्री, तुमची काळी चिकटपट्टी द्या. नखाएवढी."

पुंजारामने ती दिली. या सगळ्या प्रकरणात त्याच्या हातून झालेले हे पहिले उपयोगी काम. भोक बुजले. मी आत गेले, या वेळी मुकाट्याने. टेलिप्रिंटर क्षणभर थांबला आणि खडखडत गावांची नावे छापू लागला. खडकवाडी चौथी होती.

पावणेदोनला आसाराम यादी घेऊन सायकलवर बसला. आप्पासाहेबांनी आपली यादी खणात सरकवली. सुकडीची पोती त्याच दुपारी कामावर गेली. पोरांच्या पोटात ती आधीच जायला हवी होती, पण ते साहेबांना कोण सांगणार?

दहाव्या दिवशी बोअरचे यंत्र खडकवाडीला पोचले. एकशेसाठ फुटांवर पाणी लागले. धार करंगळीएवढीच, पण गोड.

ती बातमी आली त्याच संध्याकाळी राहीबाई साहेबांपुढे उभी. "माझं तोरण द्या आता."

"ते सरकारी आहे, राहीबाई."

"केरात टाकलं तवा कुनाचं हुतं, सायेब?"

आसाराम हसला. त्याने थोरलीला माझ्याशेजारी डब्यात ठेवले आणि खटपटीने मिळवलेल्या कोऱ्या फितीवर माझी आणखी एक नक्कल काढून राहीबाईला दिली. दर दसऱ्याला तो मला घेऊन तिच्या घरी जातो, दारातले तोरण उतरवतो आणि आम्हा दोघींना उन्हात धरून ताडून पाहतो. मग तारीख लिहून सही करतो. वहीत आता लिहिलेले आहे: कितव्या ओळीत, कोणते भोक, कशाने बुजवले.

मित्रांनो, यंत्राला लाथ घालू नका. त्याच्यावर नारळही फोडू नका. तुमच्या भक्तीपेक्षा तुमचे लक्ष आम्हाला जास्त हवे असते. काही बिघडले, तर आधी विचारा: काल चालत होते, मग कालपासून काय बदलले? जे बदलाल ते त्याच दिवशी लिहा. 'राहील लक्षात' म्हणू नका, राहत नाही. आणि मोलाच्या गोष्टीची एक नक्कल काढून ती दुसऱ्याच्या घरी ठेवा.

मी डब्यात आहे, कुलपात. माझी नक्कल राहीबाईच्या दारावर वाऱ्यात सळसळते. उद्या या कचेरीला आग लागली, तर आमच्या सात हजार ओळी कोण वाचवील, हे तुम्हीच ओळखा. ओळखता आले नाही, तर तुमच्याविषयीचे माझे मत बरोबरच होते.