साडूंसारखा फोन

शिवणाचं मशीन बिघडलं की त्या भागातले लोक आधी मावशींना फोन लावायचे आणि मग तो फोन मशीनला लावायचे. "ऐका हं मावशी," म्हणून पायडल मारायचे. पलीकडे मावशी डोळे मिटून ऐकायच्या आणि सांगायच्या, "सुई वाकली आहे, बदला." किंवा, "खाली बॉबिनपाशी दोऱ्याचा गुंता झालाय, साफ करा." किंवा, "शेवटचं तेल कधी घातलं होतं? तुमच्या लग्नात?" दहातली आठ मशीनं अशी बसल्या जागी बरी व्हायची, उरलेली दोन मावशींच्या घरातल्याच पुढच्या खोलीत, दुकानात यायची. वीस वर्षं मावशी हेच करत आल्या होत्या आणि त्यांचा कान कधी चुकला नव्हता.

तर अशा मावशींचा फोन एका सकाळी तेलाच्या डब्यात पडला. आत दोन मिनिटं लुकलुकला आणि गेला.

"दुसरा आणताना एवढंच बघा," कामातून मान वर न करता त्या नवऱ्याला, म्हणजे काकांना, म्हणाल्या. "पलीकडची खडखड नीट ऐकू आली पाहिजे, आणि माझ्या तेलकट बोटांनी तो चालला पाहिजे. बाकी त्यात चंद्रावरचे खड्डे दिसले नाहीत तरी चालतील."

"हो, हो, पट्टे कशाला हवेत," काका म्हणाले आणि चपला घालून निघाले.

मावशींनी कपाळाला हात लावला. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून काकांचं हे असंच. विचारावं एक, उत्तर यावं भलतंच. परगावच्या लेकीचा फोन आला तरी दोन मिनिटांत मावशींच्या हातात द्यायचे. या माणसाचं लक्ष म्हणून कशात नसतं, असं मावशींचं ठाम मत होतं.

दहाला गेलेले काका दोनला उगवले. पेटीतून फोन काढला. काळाभोर, आरशासारखा गुळगुळीत, मागे तीन मोठी भिंगं.

"अगदी साडूंसारखा!" काका म्हणाले.

साडू म्हणजे मावशींच्या धाकट्या बहिणीचे यजमान. साडूंनी नवी खुर्ची घेतली की काकांना घरची खुर्ची टोचायला लागायची, हे मावशींना ठाऊक होतं. त्यांनी किंमत विचारली. काकांनी ती इतकी हळू सांगितली की मावशींना पुन्हा विचारावी लागली, आणि दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांना बसावं लागलं.

"अहो, तुम्हाला संसार माझ्याशी करायचाय की साडूंशी?"

पण काका इतके हरखले होते, ती पेटीसुद्धा अशी जपून कपाटात ठेवत होते, की मावशींनी जीभ आवरली. म्हटलं, जाऊ दे, हौसेला मोल नसतं.

पहिला फोन आला तो कारखानेवाल्या बाईंचा. शाळेचे गणवेश शिवायचा त्यांचा कारखाना, बावीस मशीनं, आणि बावीसही मावशींच्या भरवशावर. "मावशी, चार नंबरचं मशीन बघा ना. लावते फोन."

मावशींनी डोळे मिटले. वाट पाहिली. "लावा की."

"लावलाय! इथे कान फुटायची वेळ आली."

मावशींच्या कानात मात्र सगळं शांत. मधूनच काहीतरी फुसफुसल्यासारखं व्हायचं आणि विरायचं. बाईंचा आवाज मात्र असा खणखणीत, जणू शेजारी बसून बोलताहेत. मावशींनी अंदाजानं सांगितलं, "कोरडं पडलंय. तेल घाला."

तासाभरानं पुन्हा फोन. सुई वाकलेली होती. ती तुटली आणि तिचं टोक उडून शिवणाऱ्या मुलीच्या चष्म्यावर आपटलं. "चष्मा होता म्हणून बरं, मावशी," बाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, उलट मावशींनाच धीर देत होत्या, आणि मावशींना तेच जास्त लागलं.

मग पुढचे तीन आठवडे हेच चाललं. एकाला पट्टा बदलायला सांगितला, निघाला दोऱ्याचा गुंता. एका शिंप्याला मावशी म्हणाल्या, "काही नाही झालेलं, चालवा," आणि मशीन जागच्या जागी अडकून बसलं. दुकानात समोर ठेवलेलं मशीन त्यांना नीट ऐकू यायचं. फोनवर माणसंही नीट ऐकू यायची. फक्त फोनवरची मशीनं मुकी झाली होती.

मावशींच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी तिला फोनवरचं कळेना, मग दारावरची घंटा, आणि शेवटी समोर बसलेली लेकसुद्धा. मावशी अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. आईला सुरुवात झाली तेव्हा तीही साठीच्या आसपासच होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कान गेला तर मशीनवाल्या मावशी उरल्या कुठे? रोज सकाळी काका आंघोळीला गेले की त्या मनगटावरचं घड्याळ कानाशी धरून टिकटिक ऐकायच्या. ऐकू यायची. पण धीर येत नव्हता.

काका मात्र मजेत. संध्याकाळ झाली की "बघू जरा तुझा फोन" म्हणून घ्यायचे आणि गच्चीवर जायचे ते तासभर खाली यायचे नाहीत. लोकांना फोन दाखवत फिरत असतील, मावशी मनात म्हणायच्या. कुणाचं काय आणि कुणाचं काय!

शेवटी एका सोमवारी मावशींनी कारखानेवाल्या बाईंना सांगून टाकलं, "दुसरं कुणी बघा हो बाई. माझ्या भरवशावर कुणाचा डोळा जायला नको." बाई पुष्कळ बोलल्या. मावशींनी फोन ठेवला आणि पदरानं डोळे पुसले.

त्याच आठवड्यात धाकटीकडे जेवायला बोलावणं होतं. जेवणं झाली, आणि काका न् साडू आपापले फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बसले. जुळ्या भावंडांसारखे दोन फोन, आणि साडू त्यांचं कौतुक सांगायला लागले. साडूंना कौतुक सांगायला बसवलं की ते जेवण जिरल्याशिवाय उठत नाहीत.

"आता ऐका, खरी गंमत तर पुढेच आहे," साडू म्हणाले. "पलीकडचा माणूस भर बाजारात असो, गिरणीत असो, तुम्हाला फक्त त्याचं बोलणं ऐकू येणार. बाकीचा गोंगाट हा फोन गाळून टाकतो."

मावशी पेला विसळत होत्या. पेला तसाच हातात राहिला. "मेहुणे, काय करतो म्हणालात?"

"गाळतो! चहा गाळतो ना आपण, तसा. माणसाचा आवाज तेवढा खाली येतो, कचरा वर राहतो."

"कचरा?" मावशी म्हणाल्या. "अहो, माझं पोट त्या कचऱ्यावर आहे!"

कुणाला काही कळेना. मावशींना मात्र आता दम निघेना. धाकटीला म्हणाल्या, "ऊठ. तुझं मशीन चालव आणि तुझ्या फोनवरून मला फोन लाव. फोन मशीनपाशी ठेव." स्वतः साडूंसारखा फोन घेऊन तीन जिने उतरल्या आणि खाली फाटकापाशी उभ्या राहिल्या. फोन आला. "चालवतेय गं ताई," धाकटीचा स्वच्छ आवाज, आणि मग शांतता. कापूस कोंबल्यासारखी शांतता.

मावशी वर आल्या, धापा टाकत. साडूंच्या वडिलांचा बटणांचा जुना फोन कोपऱ्यात पडला होता, तो उचलला. "आता ह्याच्यावर लाव," म्हणाल्या आणि पुन्हा तीन जिने उतरल्या. गुडघे कुरकुरत होते, पण कुरकुर ऐकायला वेळ कुणाला होता? फोन आला. आणि त्या चपट्या, खरखरीत फोनमधून ते सगळं धो धो आलं: पायडलची करकर, पट्ट्याची सळसळ, आणि त्यात मधूनच बारीक टिक्, टिक्.

"धाकटे!" मावशी फाटकातून ओरडल्या. "तुझी सुई वाकडी आहे! खालच्या पट्टीला घासतेय!"

वरच्या खिडकीतून धाकटीचं डोकं बाहेर आलं. "अगं बाई! खरंच की! कसं कळलं?"

"मी बहिरी नाही!" मावशी म्हणाल्या. "अहो, ऐकलंत का, मी बहिरी नाही!" आणि तिथेच फाटकाला धरून त्या रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला "बरं, बरं" म्हणून गेला.

ती गाळणी काढून टाकायचं बटण शोधण्यात साडूंचा पाऊण तास गेला. एक सापडलं. ते दाबल्यावर माणसांचाही आवाज गेला. काका खिडकीशी उभे होते. परत निघताना इतकंच म्हणाले, "माझ्या हौसेपायी तुला किती भोगावं लागलं गं. उद्याच परत दे तो." त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. साडूंपुढे पत गेली म्हणून वाईट वाटत असेल, असं मावशींना वाटलं.

दुसऱ्या दिवशी मावशी एकट्याच फोनच्या दुकानात गेल्या. काकांना त्यांचा जुना फोन हातात देऊन घरी मशीनपाशी बसवून आल्या होत्या. फोन आला की उचलायचा, मशीनजवळ ठेवायचा आणि मी सांगेपर्यंत पायडल मारायचं, एवढंच काम.

"कोणत्या कंपनीचा दाखवू?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

"कंपनी द्यायला घरात हे आहेत. तू फोन दाखव."

मुलगी हसली आणि तिनं फोन मांडले. मावशींनी पर्समधून तेलाची बाटली काढली, अंगठ्याला एक थेंब लावला आणि एकेका फोनवर तो फिरवून बघितला. दुकानाच्या मालकानं डोळे मिटून घेतले. ज्यांनी अंगठा ओळखला त्यांत कार्ड घालून घरी फोन लावायचा, काकांनी मशीन चालवायचं आणि मावशींनी ऐकायचं. एकात नुसतीच घरघर आली, एकात सगळं पाण्याखालून आल्यासारखं. "अहो, थांबा आता," मावशी सांगायच्या. "हो, हो, चालवतोय!" काका ओरडायचे आणि आणखी जोरात पायडल मारायचे. पाऊण तासात मावशींना फोन मिळाला. जाडजूड, भडक पिवळा, हातातून न निसटणारा, कंपनीचं नाव असं की उच्चारताना जीभ अडखळावी. पण त्यातून मशीनचा दातन् दात ऐकू येत होता. मावशींनी तिथूनच कारखानेवाल्या बाईंना फोन लावला.

"मिळालं का दुसरं कुणी?"

"मी शोधलंच कुठे?" बाई म्हणाल्या. "बरं झालं फोन केलात. नऊ नंबर कटकट करतंय. लावू?"

"लावा!" मावशींनी डोळे मिटले. "बॉबिनची डबी ढिली झालीय. खालचा स्क्रू आवळा." दोन मिनिटांत पलीकडे मशीन सुरळीत चालू लागलं, आणि मावशींच्या जिवात जीव आला.

मग त्यांनी साडूंसारखा फोन पेटीसकट काउंटरवर ठेवला. "हा परत घ्या."

मुलीनं पेटी ओळखली. "काकांचा ना? परत करणार? आणि लेकीशी कसे बोलणार ते?"

"म्हणजे?"

"त्या दिवशी चार तास होते इथे. दहा फोन कानाला लावून बघितले. मी आतल्या खोलीतून बोलायची, ते ऐकायचे आणि मान हलवायचे. हा लावला आणि तसेच उभे राहिले. म्हणाले, 'पोरी, किती वर्षांनी एकेक शब्द सुटा ऐकू येतोय.' लेक लांब असते म्हणाले. तिचं फोनवरचं बोलणं कळत नाही, म्हणून दोन मिनिटांत 'घे, आईशी बोल' म्हणून फोन देऊन टाकतो, म्हणाले. मी म्हटलं, मग स्वतःसाठीच घ्या की. तर म्हणाले, 'नको. बायकोला कळेल. फोन तिचाच असू दे, मी संध्याकाळी मागून घेईन.'"

मावशींना एकेक आठवायला लागलं. गच्चीवरचा तो तासभर. पट्टे आणि खड्डे. "हो, हो, चालवतोय." माणसानं हावरट दिसणं पत्करलं, खोटी ऐट मिरवली, साडूंच्या नावावर सगळं खपवलं, आणि आपण तीन आठवडे स्वतःच्या कानाला घड्याळ लावून बसलो होतो. एकाच घरात दोघंही तीच भीती एकमेकांपासून लपवत होती.

पेटी त्यांनी पुन्हा पिशवीत घातली आणि पिवळ्या फोनचे पैसे मोजून दिले.

घरी काका घामाघूम होऊन मशीनपाशी बसले होते. "दिलास परत?"

"नाही दिला," मावशी मोठ्यानं म्हणाल्या. "साडूंकडे आहे आणि तुमच्याकडे नको? लोक काय म्हणतील आपल्याला? हा तुम्ही वापरायचा. आणि हे बघा, सोमवारी मला कान तपासून घ्यायचेत. एकटीला भीती वाटते. तुम्ही माझ्याबरोबर यायचं, आणि गेलोच आहोत तर तुमचेही दाखवून घ्यायचे."

काकांनी मावशींकडे बघितलं. मग नाक ओढलं, जुन्या फोनमधलं आपलं कार्ड नव्यात घातलं आणि तो घेऊन स्वयंपाकघरात गेले.

मावशींनी पिवळा फोन घेतला, दुकानाचं दार लावून घेतलं आणि काकांच्या नव्या फोनवर फोन लावला. वीस वर्षांत नवऱ्याशी बोलल्या नव्हत्या इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, चहा टाकताय का?"

"टाकतो की!" काका पलीकडून म्हणाले. "त्यासाठी एवढं ओरडायला काय झालं?"