अकोल्याच्या बाजारातला सायफर

मित्रांनो, मी काहीच नाही. हे रडगाणं नव्हे, माझा अर्थच तो आहे. मी 'सायफर', शून्यासाठी इंग्रजीत असलेला एक जुना शब्द. जन्म मात्र याच देशातला. इथे मी शून्य होतो. अरबांनी नेलं तेव्हा सिफ्र झालो आणि फिरत फिरत विलायतेत पोचलो तो सायफर होऊन. नावं बदलली, पोट रिकामंच राहिलं. तिकडे तर ज्या माणसाला घरात कोणी विचारत नाही, त्यालाही माझंच नाव ठेवतात. मी त्याचीही लाज बाळगली नाही.

अमेरिकेत लढाई पेटली, विलायतेच्या गिरण्या कापसावाचून उपाशी पडल्या, आणि एका गोऱ्या साहेबाच्या तोंडात बसून मी अकोल्याच्या कापूसबाजारात आलो. साहेब पोत्यात हात घालायचा. माल नापसंत पडला की म्हणायचा, "सायफर." लगेच त्याचे कारकून केशवराव गाडीवर डांबराने भलंमोठं शून्य काढायचे. ती गाडी आली तशी परत.

एके दिवशी हिवरखेडच्या दुर्गाबाईंच्या पोत्यातून साहेबाचा हात दही-भात घेऊन बाहेर आला. वऱ्हाडात पहिल्या वेचणीला कपाशीला सीतादही करतात, म्हणजे दही-भाताचा नैवेद्य. त्या दही-भाताने माखलेला कापूस सुनेने घाईत पोत्यात भरला होता. साहेबाने हात हुंगला. वजन वाढवायला भात मिसळला म्हणाला, आणि वर्षभराच्या कापसावर मी बसलो.

दुर्गाबाईंनी बैल जुंपलेच नाहीत. "केशवराव, तुमच्या सायबाले सांगा, मूठभर भातानं गाडी भारी होते काय? हे एक पोतं फेका. बाकीच्यात हात घाला."

साहेब हात घालेना. तो हात धुवायला पाणी मागत होता.

तेव्हा मागच्या गाडीवरचे जानराव थंडपणे म्हणाले, "माह्याही गाडीवर काढा शून्य. सीतादही आमीबी केलं हाय."

मग त्यांच्या मागच्याने काढून घेतलं, मग त्याच्या मागच्याने. तेल्हाऱ्याच्या एकाने तर शून्य वाकडं आलं म्हणून पुसून पुन्हा काढायला लावलं. डांबर संपलं. दुर्गाबाईंच्या मागे चाळीस गाड्या, चाळीस शून्यं, आणि साहेबाला विलायतेला धाडायला एक बोंड नाही.

दिवस कलताना साहेबाने दुसऱ्या पोत्यात हात घातला. कापूस. तिसऱ्यात कापूस. शेवटच्यातही कापूसच. गाडी उतरवून घेतली, मागोमाग चाळीसही.

तर मित्रांनो, कुणावर शून्य लिहायचं असेल तर आधी त्याच्या सगळ्या पोत्यांत हात घाला. तरीही लिहिलंतच, तर रांगेत सगळ्यांच्या पुढे कोण उभं आहे ते बघून ठेवा. त्या दिवशी पुढे एकट्या दुर्गाबाई होत्या आणि मागे ओळीने चाळीस वेळा मी. साहेबाला ती संख्या बरोबर वाचता आली.